दिवेलागणीनंतर विरजण

मागच्या महिन्यात एका रात्री साडेनऊच्या सुमाराला बेल वाजली. मी लॅपटॉपसमोर, कानात हेडफोन, मीटिंग चालू, कॅमेरा बंद. म्यूट करून दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधली मुलगी, सहावी-सातवीत असेल, हातात स्टीलची वाटी. "आंटी, जामन आहे का? म्हणजे ते... दही लावायला." मंडळी कानपूरची, इथे येऊन वर्ष होत आलं, लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे आमचं काही नाही. आणि मी काही विचार न करता, अगदी ठरवून ठेवल्यासारखं म्हणाले, "अगं आमच्याकडचं संपलंय बघ. ॲपवरून मागव ना, दहा मिनिटांत येतं दही." ती "ओके आंटी" म्हणाली, रिकामी वाटी उगाच एकदा पालथी केली, आणि गेली. मी दार लावलं, अनम्यूट केलं आणि पुढच्या तिमाहीच्या आकड्यांवर काहीतरी बोलले.

फ्रिजमध्ये दही होतं.

आणि नुसतं होतं असं नाही, सकाळीच लागलेलं, चमच्याने कापलं तर वडी निघेल असं. हॉलमध्ये अण्णा, माझे वडील, बातम्या बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, टीव्हीचा आवाज त्यांनी कमी केलाय हे मला मीटिंग संपल्यावर कळलं. पाणी प्यायला आत गेले तर म्हणाले, "दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, म्हणून नाही म्हणालीस का?" मी म्हटलं, हो. आयुष्यात कधी मी दिवेलागण पाळलेली नाही, संध्याकाळी केर काढते, रात्री नखं कापते, पण त्यांनी समोर ठेवलेली पळवाट मी मुकाट्याने घेतली. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. इथे ती पोरगी भांडं पुढे करून उभी होती, लपवत होते ते मी.

का लपवलं हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. ते दही आईचं होतं.

म्हणजे तसं म्हणायची मला सवय लागली होती. आई जाऊन दोन वर्षं झाली. कऱ्हाडच्या आमच्या घरी दही कधी विकत आलेलं मला आठवत नाही. रात्री सगळं आवरलं की ती दुधाच्या पातेल्यात करंगळी बुडवून बघायची, तेच तिचं थर्मामीटर, आणि मग कालच्या दह्यातलं एक बोटभर घेऊन ते बोटानेच दुधात फिरवायची. चमचा मी कधी बघितला नाही. थंडीत पातेलं कणकेच्या डब्यात बसायचं, वर जुन्या लुगड्याचा तुकडा. सकाळी डबा उघडला की कणकेचा आणि आंबटसर दुधाचा मिळून जो वास यायचा तो मला आता कुठेही लिहून दाखवता येणार नाही. परीक्षेला निघताना त्याच दह्यात साखर घालून हातावर. मी नेहमी तळवा चाटायची आणि ती नेहमी ओरडायची, पाणी घे अगोदर, पेपरला तेच हात लावणारेस.

ती गेली तेव्हा घरात चूल पेटणार नव्हतीच. कडू घासाला शेजारच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या, पितळेच्या पातेल्यातून, आणि आम्हा सगळ्यांना शेजारी बसून जबरदस्तीने चार-चार घास खायला लावले. त्या गडबडीत फ्रिजमधल्या दह्याकडे कोण बघतंय. तेरावं झाल्यावर वहिनीने फ्रिज साफ केला तर त्यावर हिरवी-गुलाबी बुरशी, तिने साहजिकच फेकून दिलं. मला कळल्यावर मी मूर्खासारखी तिच्याशी भांडले. एका वाटीवरून. दुसऱ्या दिवशी काकू आल्या, पदराखाली वाटी. म्हणाल्या, "हे घे, तुमच्याच घरचं आहे. तुझी आई आणि मी पस्तीस वर्षं हेच करतोय. तिचं बिघडलं की माझ्याकडून, माझं बिघडलं की तिच्याकडून." मी ते झाकणाच्या डबीत भरून, टॉवेलमध्ये गुंडाळून पुण्याला आणलं आणि तेव्हापासून रोज रात्री न चुकता लावत होते. फेब्रुवारीत तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा उठून लावलं. आणि चमचाभर ते कानपूरच्या अनोळखी वाटीत जाणार, या कल्पनेनेच माझा हात फ्रिजकडे गेला नाही. खरं कारण एवढंच, आणि ते मला स्वतःलाच सांगायला लाज वाटत होती.

आईबरोबर अण्णांनाही मी पुण्याला आणलं होतं, म्हणजे आईच्या दह्याबरोबर म्हणायचंय, बघा बोटं काय टाइप करतात. खरं तर ते काही महिने कऱ्हाडला एकटे राहिले. मग पोटाची तक्रार सुरू झाली. जेवलं की जळजळ, नाही जेवलं की गॅस, कधी चार-चार दिवस साफ नाही. सहा किलो उतरले. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, रिपोर्ट सगळे नॉर्मल. त्याआधी छातीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक्सचे दोन कोर्स झाले होते, त्यामुळे कुणीतरी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल लिहून दिल्या. शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेलो ते वयस्कर होते, त्यांनी फाइल बाजूला ठेवून विचारलं, "काका, जेवताना समोर कोण असतं?" अण्णा म्हणाले, "टीव्ही." डॉक्टर काही बोलले नाहीत, इसबगोल लिहून दिलं.

आपल्या भाषेत हे सगळं आधीपासून लिहून ठेवलेलंच आहे हो. घास उतरत नाही, अन्न अंगी लागत नाही, पोटात गोळा येतो, दुसऱ्याचं बरं बघवलं नाही तर पोट दुखतं, माफ करायचं तर पोटात घालायचं. आम्ही हे फक्त बोलत राहिलो, रोज. आता वेगस नावाची जाडजूड नस मेंदूपासून आतड्यापर्यंत जाते आणि तिच्यातून खालून वर जाणारे निरोप वरून खाली येणाऱ्यांपेक्षा जास्त असतात असं वाचलं की "हो का!" म्हणायचं.

त्या रात्रीनंतर मला नाद लागला. वाटीचं काही सुचेना म्हणून वाचत सुटले, ऑफिसचं सोडून. सगळ्यात आधी भेटला तो मेचनिकॉफ. रशियन माणूस, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचा, 1908 चं नोबेल मिळालं ते पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात यावर, पण लोकांच्या लक्षात राहिला तो दह्यामुळे. बल्गेरियातले शेतकरी फार जगतात, आणि ते आंबवलेलं दूध पितात, तर त्यातले जंतू आतड्यात सडवणाऱ्या जंतूंना मारत असणार, असं त्याचं म्हणणं. स्वतः रोज प्यायचा. 1916 साली एकाहत्तराव्या वर्षी गेला, म्हणजे तसं काही फार नाही. त्याची पहिली बायको क्षयाने गेली होती तेव्हा त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, हेही वाचलं. एकटेपणा काय असतो हे ज्याला इतकं कळलं होतं त्याने बल्गेरियातल्या शेतकऱ्यांकडे बघताना वाटीतलं तेवढं बघितलं, वाटीभोवती कोण कोण बसलंय ते नाही बघितलं, असं मला आपलं वाटत राहिलं. माझा त्याच्यावर काही हक्क नाही, पण वाटलं.

कारण दह्यातले जंतू पोटात मुक्कामाला राहतच नाहीत म्हणे. बहुतेक सगळे पाहुणे, येतात, दोन-चार दिवस काही बरं करून जातात. 2021 साली स्टॅनफर्डच्या लोकांनी 36 जणांवर प्रयोग केला, 10 आठवडे. त्यातल्या ज्यांनी दही, केफिर, किमची असलं आंबवलेलं भरपूर खाल्लं त्यांच्या पोटातल्या जंतूंचे प्रकार वाढले आणि रक्तातल्या सूज दाखवणाऱ्या खुणा उतरल्या. पण गंमत म्हणजे वाढलेले प्रकार बहुतांशी त्या पदार्थांतले नव्हतेच. मग जे मुक्कामी असतात, घर करून, ते कुठून येतात? आपल्या अंगात साधारण 38 लाख कोटी जंतू आणि आपल्या स्वतःच्या पेशी साधारण 30 लाख कोटी, असा 2016 चा एक हिशोब आहे. सगळ्या जंतूंचं वजन मिळून 200 ग्रॅमच्या आसपास, पाव किलोला कमी. एवढी वस्ती येते कुठून, तर पहिली खेप आईकडून, जन्माच्या वेळी. आणि पुढची माणसांकडूनच. ज्यांच्या बरोबर राहतो, जेवतो, ज्यांचा हात हातात घेतो.

होंडुरासमधल्या 18 दुर्गम गावांत येल विद्यापीठाच्या निकोलस क्रिस्टाकिस यांच्या गटानं जे केलं ते वाचून मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्यांनी 1,787 माणसांना विचारलं, तुमचं कुणाकुणाशी आहे, कुणाबरोबर जेवता, भेटलात की काय करता, हात मिळवता, मिठी मारता की गालाला गाल. आणि प्रत्येकाच्या पोटातले जंतू तपासले. जंतूची नुसती प्रजाती नाही, त्या प्रजातीतला नेमका वाण. एका घरात राहणाऱ्यांमध्ये असे साधारण 14 टक्के वाण सारखे निघाले, ज्यांचं नुसतं एकमेकांशी मैत्र आहे पण घर वेगळं त्यांच्यात 8 टक्क्यांच्या आसपास, आणि एकाच गावात राहून एकमेकांशी काही संबंध नसलेल्यांमध्ये 4. मला ते 8 टक्के फार आवडले. मैत्रीण म्हणजे घरच्यांच्या निम्म्याहून थोडी जास्त. दोन वर्षांनी 301 जणांना परत तपासलं तर ज्यांचं एकमेकांशी आहे ते आणखी सारखे झाले होते. अर्थात चांगलं तेवढंच जातं असं नाही, वाईटही त्याच वाटेनं जातं, हे तेही सांगतात. कोविडमध्ये आपण ते शिकलोच, इतकं नीट शिकलो की अजून विसरता येत नाही.

आपल्याकडेही झालंय काम. पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छपराखाली तीन पिढ्या राहणारी दोन एकत्र कुटुंबं घेऊन आजोबा ते नातू वयाबरोबर पोटातली वस्ती कशी बदलते ते बघितलं होतं, 2012 साली छापून आलंय. आता अशी घरं शोधायची तर माझ्या बिल्डिंगमध्ये अकरा मजल्यांत एक सापडेल. ते समोरचंच.

आणखी एक मोठा अभ्यास आहे, इटलीतल्या त्रेंतोचा, 2023 चा, त्यात जुळ्या भावंडांचं लिहिलंय. वेगळी राहायला लागली की पोटातलं सारखेपण वर्षांगणिक उतरत जातं. मी कऱ्हाड सोडून सव्वीस वर्षं झाली. म्हणजे आई जायच्या कितीतरी आधी ती माझ्या पोटात विरळ होत चालली होती, मी दिवाळीला चार दिवस जायची, तिच्या ताटातलं थोडं उचलायची, परत यायची. आणि डबीतलं दही? त्यात पुण्याचं पिशवीचं दूध, माझं करंगळीचं बोट, माझ्या स्वयंपाकघरातली हवा. दोन वर्षांत त्यात आईचं किती राहिलं असेल हे कुठल्याही शाळकरी मुलाला कळेल. शिवाय काकू काय म्हणाल्या ते तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. तिचं बिघडलं की माझ्याकडून. म्हणजे ते आईचं असं कधी होतं तरी का? ते दोन घरांच्या मधल्या बोळातलं होतं.

पण मला ते जुनं सगळं गोड करून सांगायचं नाहीये. वाड्यातली देवाणघेवाण म्हणजे काय ते मी बघितलंय. आजी, म्हणजे अण्णांची आई, विरजण द्यायची पण कुणाला कसं द्यायचं याचे तिचे नियम पक्के. काहींना हातात वाटी. काहींना उंबऱ्याबाहेर उभं करून, त्यांच्या भांड्यात वरून, भांड्याला भांडं लागणार नाही असं. सरपण टाकायला यायची ती बाई ताक न्यायची, तिचं जर्मनचं पातेलं ओट्याच्या खालच्या पायरीवर, आणि आजी वरून धार सोडायची. मी सात-आठ वर्षांची. मला ती धार आवडायची, एवढ्या उंचावरून बरोबर पातेल्यात. ती इतक्या उंचावरून का यायची हे कळायला फार वर्षं गेली. विटाळ हा शब्द जंतू कुणी बघायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे होता आणि जंतूंशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, होतं ते माणसाने माणसाबरोबर जेवण्याशी, एका तळ्यावर पाणी पिण्याशी. त्यासाठी महाडला 1927 साली तळ्यात उतरावं लागलं. तेव्हा हल्ली कुणी "पूर्वी कसे सगळे एकत्र होते, म्हणून तब्येती चांगल्या" असं म्हणायला लागलं की माझ्या डोळ्यासमोर ती धार येते. आणि आता, त्या साडेनऊच्या बेलनंतर, असंही येतं की आजीने निदान दिलं तरी होतं. मी तेही नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये पण लिहिते.

बायकांचा प्रश्न वेगळाच. रोज रात्री कोण लावत होतं दही? अण्णांना शहात्तराव्या वर्षी विरजण किती घालायचं ते माहीत नाही.

अण्णांचं मात्र इथे येऊन लगेच काही सुधारलं नाही. मी घरून काम करते म्हणजे घरात असते एवढंच. दुपारी त्यांचं ताट वाढून टेबलावर झाकून ठेवायची आणि आत कॉल. ताट अर्धं परत यायचं. मग जानेवारीपासून ताट रिकामं यायला लागलं, मी खूश, इसबगोल लागू पडलं म्हटलं. एक दिवस कॉल रद्द झाला म्हणून बाहेर आले तर अण्णा नाहीत, ताट नाही. खाली गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. वॉचमन हिंगोलीकडचे, साठीचे, त्यांचा डबा उघडलेला, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. आमचं ताट स्टुलावर मधोमध, आणि दोघं दोन्हीतलं खातायत. अण्णांना ठेचा बंद होता. पूर्ण बंद. मी तिथेच आवाज चढवला, सोसायटीतली दोन माणसं थांबून बघायला लागली, वॉचमन काका उठून उभे राहिले. अण्णा शांतपणे म्हणाले, "आज तीन महिने खातोय." जळजळ? नाही. झोप? लागते.

आता हे सगळं त्या ठेच्यामुळे झालं, किंवा हिंगोलीचे कुठले वाण अण्णांच्या पोटात वस्तीला आले म्हणून झालं, असं मी म्हणणार नाही. इसबगोल होतंच. दिवसही गेले होते, दुःखावर दिवस जावे लागतात. 2010 साली अमेरिकेतल्या एका संशोधक बाईंनी 148 अभ्यास एकत्र केले, 3 लाखांहून जास्त माणसं, आणि ज्यांची माणसांत ऊठबस पक्की त्यांची जगायची शक्यता इतरांपेक्षा 50 टक्क्यांनी जास्त निघाली. त्यात कितीसा वाटा जंतूंचा, कितीसा कुणीतरी "गोळी घेतली का" विचारतं त्याचा, आणि कितीसा नुसताच दुपारी एक वाजता कुणीतरी वाट बघतंय याचा, हे वेगळं कसं काढणार. मला तर वाटतं ते वेगळं काढायला गेलं की फाटतं, दुधासारखं. मी त्या दिवसापासून दोघांसाठी पुरेल एवढं ताट वाढते. ठेच्यावर अजून भांडण चालू आहे.

तर दही. गेल्या आठवड्यात मला बंगलोरला जावं लागलं, पाच दिवस. निघताना अण्णांना सगळं दाखवून गेले, दूध एवढं, कोमट असं, विरजण एवढं. परत आले, बॅग ठेवली, फ्रिज उघडला. डबी धुऊन पालथी घातलेली.

"गेटवर नेलं होतं," अण्णा म्हणाले. "ठेच्याबरोबर चांगलं लागतं. विरजणाला ठेवायचं विसरलो."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं खूप. पहिल्यांदा काकूंना फोन लावला तर त्या मुलाकडे अमेरिकेत, सहा महिने घर बंद, फ्रिज रिकामा करून गेलेल्या. हसायलाच आलं मला, एकटीच हसले ओट्यापाशी. त्या रात्री मी समोरच्या पोरीला चमचाभर दिलं असतं तर ते आत्ता समोरच्या दाराआड असतं. बारा पावलांवर.

साडेनऊला मी वाटी घेऊन त्यांची बेल वाजवली. दार त्या मुलीच्या आजीने उघडलं, त्यांना मी या आधी कधी बघितलंच नव्हतं, अकरा महिने समोर राहून. मी हिंदीत काहीतरी जुळवलं, आणि वर म्हटलं की आमच्यात रात्री मागत नाहीत खरं तर, माफ करा. त्या म्हणाल्या, "रात में ही तो जमाते हैं बेटा, रात में नहीं माँगोगी तो कब माँगोगी?" आणि मला हात धरून आत बसवलं. हात गरम आणि थोडे तेलकट होते, पुऱ्या तळत असणार, घरभर तो वास. ती मुलगी अभ्यासाच्या टेबलावरून मान वळवून माझ्याकडे बघत होती. "आंटी," ती म्हणाली, "ॲपवालं नाही लागत ना नीट? आमचं पण नाही लागलं." तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, किंवा मला वाचता आलं नाही. आजीने चमचाभर नाही, अर्धी वाटी दिली, वर दोन पुऱ्या ठेवून.

सकाळी दही लागलं होतं. आमच्यापेक्षा पातळ, जरा गोडसर, चमचा उचलला की बारीक तार यायची. अण्णांसमोर वाटी ठेवली आणि मी समोर बसले, लॅपटॉप आतच होता. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं, जिभेवर फिरवलं, थांबले.

"हे आपलं नाही," म्हणाले.

मग वाटी संपवली, बोटाने कडेचं पुसून घेतलं, आणि पुढे केली. मी आणखी वाढायला उठले तेव्हा मागून विचारलं, "विरजणाला काढून ठेवलंस का आधी?"